वैजूने घडवलेली आई

आमच्या नगरच्या सावेडीत लोक चित्रं बघायलाही येतात, हे मला राजेश्वरीमुळे कळलं. इथल्या पैसेवाल्यांच्या बंगल्यांत तळमजल्यावर तीन-चार आर्ट गॅलऱ्या निघाल्या होत्या, आणि दर शनिवारी संध्याकाळी ती दहा-बारा जणांना पायी फिरवून त्या दाखवायची. मी शेजारी म्हणून एकदा गेलो आणि जातच राहिलो. खरं सांगायचं तर निम्म्या चित्रांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. "काका, आधी नाव वाचू नका, नुसतं बघा," ती म्हणायची, आणि मी मुकाट बघायचो.

फेरी संपायची आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या अंगणात. तिथे चौथऱ्यावर तिच्या नवऱ्याने, वैजनाथने घडवलेलं शिल्प होतं. पुरुषभर उंचीचा काळा पाषाण, नाक नाही, डोळे नाहीत. राजेश्वरी सगळ्यांना मागच्या बाजूला न्यायची आणि पाठीतला किंचित बाक दाखवायची. डोक्यावर उसाची मोळी घेतलेल्या बाईच्या पाठीत येतो, तो बाक. शिल्पाचं नाव 'आई'. वैजनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोड्यांच्या घरातला. दगडाची धूळ छातीत बसून ऐन तारुण्यात गेला. पुरं झालेलं त्याचं काम एवढंच.

"लोक हे बघतात तोवर ते आहेत, काका," ती एकदा म्हणाली होती.

गेल्या वर्षी तिने सासूला, साळूबाईंना, फेरीला आणलं. मुलाचं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी त्या शनिशिंगणापूरला जाऊन आल्या होत्या, शनीच्या शिळेवर वाहून उरलेलं तेल पिशवीत होतं.

"आत्याबाई, ह्या तुम्ही. त्यांनी तुम्हालाच घडवलंय."

साळूबाई बघत राहिल्या. "मी कशाची गं बाई? देव हाय ह्यो. माझ्या वैजूनं देव केलाय." कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाटलीतलं तेल दगडावर ओतलं आणि पदर पसरून हंबरडा फोडला. पोटचा पोर गेलेल्या बाईला कोण अडवणार?

पुढच्या शनिवारी दगडाला रुईची माळ होती. मग उदबत्त्या आल्या, स्कूटरवरून माणसं आली, रांग लागली. राजेश्वरी रोज सकाळी जाऊन साबणाने तेल धुवायची. आप्पासाहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"पोरी, लोकांच्या भावनेला हात लावू नको. दगड मी विकत घेतलाय."

त्यांच्या बंगल्यातली गॅलरी बंद झाली, तिथे प्रसादाचं दुकान लागलं. दगडाच्या पाठीला भिंत बांधली, आणि तो बाक भिंतीआड गेला. मी देव मानणारा माणूस आहे, पण माझं डोकं असं फिरलं की आप्पासाहेबांशी भांडायला गेलो. त्यांनी मला चहा पाजला आणि देणगीचं पावतीपुस्तक पुढे केलं. राजेश्वरीची फेरी मोडली ती मोडलीच. ती आता कुठे फारशी बाहेर पडत नाही.

परवा साळूबाई पुन्हा आल्या. त्यांच्या हट्टाखातर आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो. गर्दी बघून म्हातारी हरखली. पुढच्या बाईला म्हणाली, "माझ्या पोरानं घडवलाय ह्यो."

"आज्जी, आसं बोलू नये," बाई दचकून म्हणाली. "सोयंभू हाय ह्यो. जमिनीतून वर आलाय. पाप लागंल."

"त्या खरं सांगतायत," राजेश्वरी म्हणाली. "माझ्या नवऱ्याने केलंय हे." रांगेतले दोघं-तिघं हसले. पुजारी ओरडला, "पुढं चला, पुढं चला."

साळूबाईंचा चेहरा भीतीने पांढराफटक पडला. त्यांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि चौथऱ्यावर डोकं टेकलं.

"चुकले रं देवा. माझ्या वैजूनं न्हाई केलं. त्याला माफ कर."