बाणवाल्या बाई

बाणवाल्या बाईंच्या मिरजेच्या घरात नाव नसलेली एकही वस्तू नव्हती. मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलेलं आपण सगळ्यांकडे पाहतो. बाईंनी ते बरणीवर लिहिलंच नव्हतं. शेजारच्या भिंतीवर लिहिलं होतं आणि तिथून बरणीकडे जाणारा एक बारीक बाण काढला होता. गिझरच्या बटणाकडे बाण, पाण्याच्या मुख्य कॉककडे बाण, देवळीतल्या काडेपेटीकडे बाण. एका खुर्चीकडे निघालेल्या बाणाच्या शेपटीशी लिहिलं होतं, 'वाद घालायला आलेल्यांसाठी'. पहिल्या दिवशी मी नेमकी त्याच खुर्चीत बसले. बाकीच्या खुर्च्यांवर कागद होते.

आणि यातला एकही बाण वस्तूपर्यंत पोचत नव्हता. नखाएवढी फट ठेवून थांबायचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "बाण दाखवायला असतो गं, टोचायला नाही. टेकला की तो त्या वस्तूचाच भाग वाटायला लागतो." बाई चक्रम आहेत असं माझं त्या दिवशी मत झालं. ते मत मी अजून मागे घेतलेलं नाही. त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन मतं येऊन बसलीत, आणि त्यांचं आपसात पटत नाही, इतकंच.

मी मूळची रहिमतपूरची. सांगलीला शिकायला आले आणि अभ्यासापेक्षा पत्रकंच जास्त लिहिली. आमच्या पत्रकांचा मथळा ठरलेला असायचा: 'जबाबदार कोण?' खाली जबाबदाराचं नाव, त्याखाली मागण्या, त्याखाली 'अन्यथा'. मिरज स्टेशनबाहेर मी अशीच टँकरची पत्रकं वाटत होते. जतच्या कोरड्या बाजूला टँकर मोठ्या गावाच्या चौकात येतो आणि तिथूनच माघारी फिरतो. लांबच्या वस्त्यांनी घागरी घेऊन चालत यायचं. कारण काय, तर फेऱ्यांच्या नकाशात वस्त्या म्हणजे नुसते ठिपके. नाव नाही, म्हणून फेरी नाही. पत्रकावर मी हाताने एक नकाशाही काढला होता. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यात शेंगदाणे बांधतात, हे मला ठाऊक होतं. ते परत करायला कोणी येईल, असं वाटलं नव्हतं.

"हा नकाशा कुणी काढला?" खांद्याला पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"मी."

"सगळी नावं झोपलीत. हे रस्त्यावर आडवं पडलंय, हे तलावात बुडालंय. आणि ह्या ठिपक्यांना नावं का नाहीत?"

"सरकारी नकाशात नाहीत."

"मग तू सरकार आहेस का?"

सरकारच्या विरोधात पत्रकं वाटता वाटता मी तोंडावर सरकार ठरले होते. भांडायला म्हणून त्यांच्या मागे घरापर्यंत गेले, आणि त्या खुर्चीत बसले.

बाईंनी साताऱ्याच्या एका पॉलिटेक्निकात आयुष्यभर यंत्रांच्या आकृत्या शिकवल्या. निवृत्तीनंतर त्या लोकांच्या पुस्तकांसाठी आकृत्या करून द्यायच्या. हाताने काढायच्या नाहीत, माउसला तर शिवायच्याही नाहीत. त्या वाक्यं लिहायच्या. 'इथून तिथे रेघ ओढ. तिथे ठिपका दे. त्याच्या वर उजवीकडे विहीर असं लिही.' मग एक बटण दाबायचं, की कॉम्प्युटर ती वाक्यं वाचून छापण्याजोगं चित्र हजर करायचा. मी म्हटलं, हे सरळ काढून टाकता येत नाही का? "येतं की. पण उद्या विहीर हलली तर मी एक आकडा बदलीन. तू पुन्हा पाटी पुसत बसशील."

चित्र त्यांच्या हातून चहा उकळेपर्यंत व्हायचं. नावांना दिवस लागायचे. "रेघ कुणीही ओढेल," त्या म्हणायच्या, "नाव कुठे लिहायचं, यात जन्म जातो." नाव ठिपक्याच्या वर लिहावं की खाली, रस्त्याला अडलं तर कुठे सरकवावं, दोन नावं भांडायला लागली तर आधी कुणाला हलवावं, यावर त्या स्वतःशीच मोठ्याने बोलायच्या. "तू जरा सर. तुझं घर मोठं आहे." हे एका तलावाला.

आता मला ज्याचा राग आहे ते सांगते. कॉम्प्युटरवरच्या ज्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत बाई हे सगळं करायच्या, ती सारखी बदलायची. परदेशातली मूठभर माणसं ती बनवतात, फुकट वाटतात, आणि मनाला येईल तेव्हा सुधारतात. कालपर्यंत ठिपक्याला नाव चिकटवायची जी आज्ञा होती, ती आज म्हणे जुनी झाली. तिच्या जागी दुसरी वापरा. ती वापरली की आधीची सगळी नावं थोडी खाली घसरायची. एकदा सगळ्या वेलांट्या आपापलं अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसल्या. मी उसळले. "निषेध नोंदवा! विचारलं का त्यांनी तुम्हाला?"

"कुणाचा निषेध? ती माझ्याहून म्हातारी माणसं आहेत. फुकट राबतात."

"मग तुम्ही नवीन आवृत्ती घेऊ नका. जुनीच ठेवा."

"छे! जुनीत कन्नड नीट उमटत नव्हतं. नवीत उमटतं."

आणि तासभर त्या म्हाताऱ्यांना शिव्या घालून बाईंनी त्याच दुपारी नवी आवृत्ती चढवली. याला काय म्हणायचं? आमच्याकडे माणूस एक तर सोसणारा असतो नाही तर लढणारा. बाई दोन्ही एकदम करायच्या आणि मध्ये पोहे खायच्या.

वस्त्यांच्या नावांसाठी त्या एसटीने माझ्याबरोबर जतच्या पुढे आल्या. मी ग्रामपंचायतीतून यादी घेणार होते. बाई म्हणाल्या, "नाव ज्याचं त्याच्या तोंडून." कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका मोठ्या कडुलिंबाखाली पाच-सहा घरं आणि मेंढरांचा वाडा होता. तिथे मल्लव्वा भेटल्या. वयाने बाईंच्याच आसपासच्या, काठीपेक्षा ताठ.

"ह्या वस्तीचं नाव काय हो?" बाईंनी विचारलं.

"कुनी इचारतंय त्यावर हाय. तिकडनं आलेली मानसं बेविनहट्टी म्हंत्यात. हिकडली लिंबाची वस्ती म्हंत्यात."

"आणि तुम्ही?"

"आमी कशाला म्हनतोय? आमी हितंच ऱ्हातो न्हवं!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "दोन्ही घालू. एक मराठीत, एक कन्नडात." मी हळूच म्हटलं, एकच ठेवा, सोपं पडेल. "सोपं कुणाला?" त्यांनी विचारलं. मी वहीत दोन्ही नावं उतरवून घेतली.

पुढच्या खेपेला बाईंनी कच्चा नकाशा छापून नेला. मल्लव्वांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण बाईंनी बोट धरून त्यांच्या वस्तीचं नाव दाखवलं. मल्लव्वांनी बाकीच्या नावांवरून नजर फिरवली. "आमचंच लांब हाय की वं सगळ्यात!" दुसऱ्या बायकांनाही बोलावून दाखवलं. "बगा गं, दोन वळी. तुमची आपली येक-येक."

टँकरच्या फेऱ्या ठरवणाऱ्या साहेबांसमोर बैठक ठरली. त्याच आठवड्यात प्रणालीची पुन्हा नवी आवृत्ती आली, आणि बाईंनी ती घेतली. नकाशा पडद्यावर आला तर मी टाळ्याच वाजवल्या. आधी सगळी नावं दाटीवाटीने उभी होती. आता कुणी कुणाला घासत नव्हतं. बाई मात्र पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "इतकं शहाणपण यांना अचानक कुठून आलं?" मी म्हटलं, बाई, एकदा तरी चांगलं झालंय म्हणा. सांगलीत फ्लेक्स छापून घेतला आणि आम्ही जतला बैठकीला गेलो. मल्लव्वाही आल्या होत्या.

साहेबांनी फ्लेक्स पाहिला आणि खूश झाले. "वा! अगदी स्वच्छ नकाशा केलाय तुम्ही. एकेक नाव वाचता येतंय." ते वस्त्यांची नावं वाचायला लागले आणि त्यांचा माणूस एकेक लिहून घ्यायला लागला. मल्लव्वा मागून उठून पुढे आल्या. फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. डावीकडून उजवीकडे, वरून खाली पाहत राहिल्या.

"आवं बाई, आमी कुटं हाय?"

बाईंनी जागेवर बोट ठेवलं. ठिपका होता. नाव नव्हतं.

"दोन वळीचं हुतं न्हवं? लय लांब हुतं." मल्लव्वा आता माझ्याकडे वळल्या. "का गं पोरी, पुसलं व्हय?"

नंतर कळलं ते असं. दोन नावं एकमेकांना घासली, तर नव्या आवृत्तीत त्यातलं एक आपोआप गाळलं जातं. जे जास्त जागा खातं, ते आधी. बेविनहट्टीचं नाव सगळ्यांत लांब होतं, कारण आम्ही ते सगळ्यांत मायेने लिहिलं होतं. म्हणून तेच पडलं. हे मला आजही पचत नाही.

साहेब म्हणाले, "जे छापलंय तेवढं घेतो. बाकीचं पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी म्हणजे उन्हाळा सरल्यावर. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि कुणाच्या नावाने द्यायची ते सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे 'जबाबदार कोण' होतं आणि त्यातलं 'कोण'च नव्हतं.

बाईंनी साहेबांच्या टेबलावरचा मार्कर न विचारता उचलला. ठिपक्याशेजारी बोटभरही जागा नव्हती. त्या सरकत सरकत फ्लेक्सच्या कडेला गेल्या. तिथे कर्नाटक होतं, म्हणजे आमच्या नकाशात नुसती पांढरी जागा. तिथे त्यांनी मोठ्या अक्षरांत दोन्ही नावं लिहिली, दोन्ही लिप्यांत. मग तिथून हद्द ओलांडून, दोन रस्ते आणि एक ओढा ओलांडून, लांबच लांब बाण काढला आणि ठिपक्याच्या अलीकडे थांबवला. घाईतसुद्धा नखाएवढी फट ठेवली.

"अहो, पण हे नकाशात बसत नाही," साहेब म्हणाले.

"बसत नाही म्हणूनच बाण असतो," बाई म्हणाल्या. "घ्या लिहून. ब ला एक मात्रा."

मल्लव्वा तिथून हलल्या नाहीत. साहेबांनी एकदा बाईंकडे, एकदा त्यांच्या काठीकडे पाहिलं, आणि माणसाला म्हणाले, "घे रे."

परत येताना एसटीत मी रागाने पत्रक लिहायला घेतलं. त्या परदेशी म्हाताऱ्यांविरुद्धच. बाईंनी अर्धं वाचून परत दिलं. "मथळा चांगला आहे. उत्तर चुकलंय."

"मग बरोबर उत्तर काय?"

"मला तरी कुठे माहीत! शोधतेय." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी मिरज येईपर्यंत त्यांच्याकडे बघत होते. इतका मोठा घोळ होऊन माणसाला झोप कशी येते?

टँकर सुरू झाला. बाईंनी नवी आज्ञा शोधून नाव परत बसवलं आणि दुरुस्त केलेला फ्लेक्स मी वस्तीवर घेऊन गेले. मल्लव्वांनी तो घडी घालून आत ठेवला. बैठकीतून बरोबर नेलेला मार्करचा जुना फ्लेक्स त्यांनी कोकरांच्या वाड्यावर सावलीला बांधला होता, हाताने लिहिलेली बाजू रस्त्याकडे करून. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "ही व्हय, बाणाची वस्ती! लांबनं दिसतीया." आता सगळा रस्ता तिला बाणाची वस्तीच म्हणतो.

तोवर बाई मिरज सोडून साताऱ्याला भावाकडे गेल्या होत्या. डोळ्यांनी दगा दिला होता. बारीक नावं दिसेनात. फायली माझ्या हवाली करून गेल्या. मी फोनवर कॉम्प्युटरने दाखवलेल्या चुका वाचून दाखवायचे आणि त्या तिकडून काय लिहायचं ते सांगायच्या. 'बाणाची वस्ती' या तिसऱ्या नावाचं सांगितलं. मग ते हसणं.

"घाल तिसरंही."

"बाई, दोनच बसत नाहीत."

"बाण लांब कर. बसत नाही असं माणसांना म्हणू नये, पत्रकवाले."

बाई थंडीत गेल्या. साताऱ्याच्या त्या घरात मी बसून आले. भिंतींवर एकही बाण नव्हता. घर त्यांचं नव्हतं ना. फक्त पलंगाच्या वर, आडवं पडून हात पोचेल तिथे, पेन्सिलीचा एक बाण होता, खिडकीकडे निघालेला. शेपटीशी काहीच लिहिलेलं नव्हतं. भावाला विचारलं, हा कसला? ते म्हणाले, "मीही विचारलं होतं. म्हणाली, नाव अजून सुचायचंय."

गेल्या महिन्यात प्रणाली पुन्हा बदलली. आता नाव चिकटवायची आज्ञाच निराळी आहे, ती मला कळत नाही, आणि विचारायला फोन नाही. उन्हाळा तोंडावर आलाय. साहेब बदललेत, त्यांना नवा नकाशा हवा आहे, स्वच्छ. मी त्या म्हाताऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. मथळा सवयीने आला, 'जबाबदार कोण', तो खोडला आणि लिहिलं, माझ्या वस्तीला तीन नावं आहेत, कुठे ठेवू? त्यातल्या एकाचं उत्तर आलं. लांबलचक आहे. वाचतेय, अर्धं कळतंय. तोवर कर्नाटकातल्या पांढऱ्या जागेत मी तिन्ही नावं ठेवली आहेत आणि तिथून बाण सोडला आहे. दर वेळी तो वेगळ्याच गावी जाऊन धडकतो. पण ठिपक्यापाशी पोचला की कुठे थांबवायचा, तेवढं मात्र मला येतं.