चूल ते ओटा, पंधरा पावलं

जळगाव स्टेशनात मुंबईची गाडी यायला अजून वेळ होता. माय गाठोडं मांडीवर घेऊन फलाटावरच बसली होती. त्यात दादर ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि फडक्यात जपून बांधलेले बिबड्याचे पापड. साहेब थोडे लांब, आपल्या पुस्तकांच्या पेट्यांपाशी उभे होते. मायनं पदर पुढे ओढला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, जिवाला जप म्हणेल. तिनं हळूच विचारलं, "दगडू, मी जशी सांगस, तशीच सांगस ना तू साहेबले?"

"हां माय," मी म्हणालो.

गाडी आली, गर्दी झाली, पुढे काही बोलणं झालंच नाही. म्हणजे मायशी मी शेवटचं जे बोललो ते खोटं बोललो.

भाऊ, वहिनी, पोरांनो, आणि धरणगाव सोडून मुंबईला, सुरतेला गेलेल्या माझ्या सोबत्यांनो, साहेब मागच्या महिन्यात वारले. तुमच्या पत्रात आहे की आता तू तिकडे परमुलखात कोणासाठी राहतोस. त्याचं उत्तर द्यायचं तर ते खोटं आधी सांगावं लागेल. इतकी वर्षं धीर झाला नाही. आता लिहितो.

लिंडनरसाहेब धुळ्याला आले तेव्हा मी धरणगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे गठ्ठे वाहत होतो. एका घड्याळजीचा हा मुलगा. पंचविशीत संस्कृत शिकून पंडित झाला, आणि मग त्याला वाटलं, मेलेल्यांची भाषा शिकलो, आता जित्यांची शिकू. म्हणून खानदेशात आला. आपल्या लोकांनी त्यांचा लिंबूसाहेब केला. भडगावला गिरणेच्या काठी धोबिणींच्या मागे वही घेऊन फिरले म्हणून दोनदा हाकलले गेले. सावद्याला केळीच्या बागेत बसून शिव्या लिहून घेतल्या आणि सांगणाऱ्यालाच वाचून दाखवल्या. लोक पोट धरून हसले.

जिनात येऊन त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "लिहिता येतं? आई आहे?"

मराठी तिसरीतून शाळा सुटलेली, तरी लिहिता येत होतं. माय तर होतीच. त्यांना बायकांची घरातली बोली हवी होती. पण माय परक्या पुरुषासमोर, त्यात गोऱ्या, तोंड कशी उघडणार? मग असं ठरलं की साहेब ओट्यावर बसतील, माय चुलीपाशी बोलेल, आणि मी आतून बाहेर तिचं बोलणं पोचवीन. चूल ते ओटा, पंधरा पावलं. चार हिवाळे मी ती पंधरा पावलं चाललो.

आता ऐका. शाळेत एकदा मी "मास्तर, पाटी घर शे" म्हणालो होतो. मास्तरांनी बोटं आवळून उलट्या पंजावर रूळ मारला. "शे नाही, आहे म्हण!" वर्ग हसला. ते हसणं माराहून जास्त लागलं. त्यामुळे माय आतून म्हणायची, "पोऱ्या निजना शे, बठ्ठा गप बसा," आणि ओट्यापर्यंत पोचता पोचता माझ्या तोंडात व्हायचं, "मूल निजले आहे, सर्वांनी शांत बसावे." मायची लाज राखतोय असं मला वाटायचं. साहेबांसमोर माझी माय अडाणी दिसू नये, एवढंच. साहेब मान डोलवायचे आणि लिहायचे. खूश व्हायचे. ते खूश झाले की मलाही बरं वाटायचं.

ते मला इकडे जर्मन मुलखात घेऊन आले. इथे त्यांची थोरली बहीण योहाना घर चालवायची. मी तिला अक्का म्हणू लागलो, आणि तिनंही तेच नाव मानलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा मी इंग्रजांची रयत, म्हणजे इथला शत्रू. पोलीस चौकीत साहेबांनी माझ्यासाठी सही दिली, "हा माझ्या घरचा माणूस." दर आठवड्याला हजेरी द्यायला दोघे बरोबर जायचो. अक्का स्वतःच्या ताटातला बटाटा माझ्या ताटात ढकलायची आणि वर म्हणायची, "खा, नाहीतर तुझी आई मला शिव्या देईल, आणि माझा भाऊ त्या लिहून घेईल!"

लढाई संपल्यावर भाऊचं पत्र आलं. तापाच्या साथीत माय गेली. पत्रावरची तारीख पाच महिने जुनी होती.

त्याच आठवड्यात साहेबांचं पुस्तक छापखान्यात जायचं होतं. त्यावर त्यांची विद्यापीठातली मोठी जागा ठरणार होती. पुस्तकातलं सगळ्यात नावाजलेलं प्रकरण मायचं होतं. त्यात साहेबांनी मांडलं होतं की खानदेशात पुरुष शेतात एक बोली बोलतात आणि बायका चुलीपाशी दुसरी, जास्त शुद्ध. इथले पंडित त्या शोधावर फिदा होते. माझं सांत्वन करायचं म्हणून साहेबांनी मला समोर बसवलं आणि मायची वाक्यं वाचून दाखवली. "मूल निजले आहे. सर्वांनी शांत बसावे."

मी ऐकत राहिलो. ती माझी माय नव्हती, रूळवाले मास्तर होते. माय तिकडे मातीत गेली आणि इकडे पुस्तकात मी तिच्या जागी मास्तर बसवला होता.

गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. सांगितलं तर साहेबांची जागा जाणार आणि माझं छप्पर. परतीच्या बोटीचं भाडंही जवळ नव्हतं. अक्काच्या स्वयंपाकघरात पायरीवर बसून रडत साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. दिवे लागायच्या आत परत आले, तेव्हा पायघोळ कोट चिखलानं भरला होता. मी माझी वळकटी बांधून दाराशी उभा होतो.

साहेब म्हणाले, "हे काय?"

"जातो साहेब."

"आणि खरं कोण सांगणार? अक्का?" मग आपल्या त्या मोडक्या खानदेशीत म्हणाले, "बस, दगडूभाऊ. आते सांग."

पण सांगता येईना. टेबल, खुर्ची, समोर कागद. खुर्चीवर बसलो की बोटं आपोआप आवळायची. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून इथल्या राईच्या काळ्या पिठाची भाकर थापायला घेतली. ती मोडायला लागली, आणि तोंडातून निघालं, "मोडी राहिनी वं माय, पानी जास्त व्हयनं!" साहेब दारात होते. ते पुढे आले नाहीत. तिथेच उंबऱ्यावर बसले आणि लिहायला लागले.

त्यानंतर सात वर्षं मी भाकर थापली आणि साहेबांनी उंबऱ्यावर बसून लिहिलं. हात पिठात असले की माय आठवायची, जशी होती तशी. अक्का वैतागायची. "शेजारी विचारतात, तुमच्याकडे रोज सकाळी टाळ्या कोण वाजवतं?" साहेब म्हणायचे, "सांग, आमची शाळा भरते."

साहेबांनी छपाई थांबवली होती, त्यामुळे मोठी जागा दुसऱ्या पंडिताला मिळाली. साहेब एका लहान शाळेत शिकवत राहिले, आणि संध्याकाळी घरी पाच-सहा विद्यार्थ्यांचा वर्ग घेत. माझ्यामुळे झालं हे, असं मी एकदा बोललो. ते म्हणाले, "आधी माझा शोध होता. आता तुझी आई आहे. दुसरं बरं." पुस्तक निघालं ते त्या सात वर्षांनंतर. पहिल्या पानावर माझं नाव नाही, मीच नको म्हणालो. मायचं आहे. सोनाबाई, राहणार धरणगाव, शेतकरीण.

शेवटच्या दुखण्यात साहेबांना दोन दिवस झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला. तेवढ्यात सगळे विद्यार्थी भेटायला आले. इकडची दांडगी पोरं, पायात जाड बूट, जिन्यावर धाडधाड वाजवत, काय झालं काय झालं म्हणत. अक्का घाबरली. मी दारात आडवा आलो. जर्मन शब्द त्या क्षणी एक सुचेल तर शपथ. म्हणालो, "म्हतारा निजना शे, बठ्ठा गप बसा!"

आणि सगळे गप्प बसले. एकानं बूट काढले, मग बाकीच्यांनीही. त्यांनी ते वाक्य साहेबांच्या वर्गात, मायच्या पानावर वाचलेलं होतं. मी दार धरून उभा राहिलो. मायचं बोलणं चुलीपासून ओट्यापर्यंत पोचलं होतं, थोडंही न धुता.

संध्याकाळच्या आत साहेब झोपेतच गेले.

तुम्ही विचारता, कोणासाठी राहतोस. अक्का ऐंशीला टेकली, तिला आता मीच बटाटे सोलून देतो. आणि तो वर्ग अजून भरतो. साहेबांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. पोरं उंबऱ्यापाशी बसतात, मी भाकर थापतो आणि बोलतो. काळजी आहेच. अक्कानंतर ही खोली राहील का, साहेबांनी मायचे शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या पेट्या कोण सांभाळेल, माहीत नाही. पण जिथं मायचं बोलणं धुवावं लागत नाही, त्या जागेला परमूलख म्हणायला जीभ वळत नाही. तिकडचं घर तर आहेच. ओटा आहे, तुम्ही आहात.

पुतण्याचं अक्षर मोत्यासारखं आहे. "पूज्य काकांस साष्टांग नमस्कार, आम्ही सर्व कुशल आहोत," असं लिहिलंय. पोरा, वाचून आनंद झाला. पण आता माझं एक ऐक. चुलीपाशी बस, तुझी माय काय बोलते ते ऐक, आणि ते तसंच्या तसं मला लिही. मास्तर मारायला आले तर सांग, काका म्हणतो, बठ्ठं बरोबर शे.