प्रेमलाबाईंच्या रांगोळीतला चंद्र

बडोद्याच्या समा भागातल्या प्रेमलाबाई शिर्के यांनी हयातभर रांगोळीत देव काढले, पुढारी काढले, साठी झालेले हसरे आजोबा काढले. चित्रकलेच्या वर्गात मुलांपुढे त्यांचा एकच हेका: उजेड डावीकडून, तोही वरून. बिचाऱ्या सूर्याला दुसरी जागाच नव्हती.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद करायला सांगितलं. दिवाळीच्या प्रदर्शनातली ही रांगोळी शेवटची, तेव्हा ती मनासारखी व्हायलाच हवी होती. बाईंनी चंद्र निवडला. चांद्रयानानं पाठवलेला, वर्तमानपत्रात आलेला फोटो समोर ठेवून त्यांनी चिमटीनं करडे रंग सोडले, अगदी फोटोबरहुकूम.

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांचे यजमान जयवंतराव चहा घेऊन आले आणि सभागृहाच्या दारातच थबकले.

"अगं, हे खड्डे ना? मला तर टेकाडं दिसतायत. चंद्राला गळवं आल्यासारखी."

"तुमचं आपलं काहीतरीच!" बाई कशाबशा उठून त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. खरंच टेकाडं! आता पुन्हा खाली बसणं शक्य नव्हतं. शेवटचं काम हातचं गेलं. त्यांना रडूच आलं.

डोळे पुसत त्या रांगोळीच्या पलीकडे, दारासमोरच्या खिडकीपाशी गेल्या. वळून पाहतात तो टेकाडं नाहीशी! फरशीत खोल, काळोखी विवरं उघडली होती. रांगोळीचा कणही हलला नव्हता.

बाईंनी वर्तमानपत्रातला तो फोटो सुलटा-उलटा फिरवून पाहिला. मग उमगलं. फोटो घेताना सूर्य चित्राच्या खालच्या बाजूला होता. आपली नजर मात्र उजेड वरूनच येतो असं धरून चालते, म्हणून दारातून खड्डे फुगले; खिडकीकडून चित्र उलटं झालं, उजेड वर गेला आणि ते खोल दिसले. शास्त्रज्ञही आधी सूर्य कुठं होता ते बघत असणार आणि मग सावलीवरून खोली काढत असणार. म्हणजे तेही आपल्यासारख्या सावल्याच वाचतात! त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"लोकांना खिडकीकडच्या मागच्या दारानं आत घेऊ या का?" जयवंतरावांनी विचारलं.

"छे! पुढूनच येऊ देत. मग फिरून इकडे येतील."

दिवसभर बडोदेकर रांगोळीभोवती फिरत होते. खिडकीपाशी पोचले की "ओ बाप रे!" म्हणून दोन पावलं मागे सरत होते. बाई खुर्चीत बसून ते डोळे भरून पाहत होत्या.

संध्याकाळी जयवंतराव हळूच म्हणाले, "शेवट तरी छान झाला."

"शेवट कसला? उद्या सुताराकडून एक मोठं, उंच टेबल करून घ्या. डॉक्टरांनी बसायला बंदी केलीय, उभं राहायला नाही. अजून मंगळ राहिलाय."