एका म्हशीवर चालणारी शेगडी

मी आजवर जेवढे धक्के खाल्ले त्यांतले निम्म्याहून अधिक आमच्या साडूंच्या घरी खाल्ले, आणि उरलेल्यांपैकी बरेचसे त्यांच्याबरोबर घराबाहेर पडल्यावर. हे मी रागानं लिहीत नाही. माझी नोकरी कचेरीत पावसाच्या नोंदींचे तक्ते करण्यात गेली, त्यामुळे जे मोजलं नाही ते लिहायचं नाही अशी सवय लागली आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, आणि शाळा सुटली की उरलेलं विज्ञान घरी आणून पोरांवर चालवत. पोरं तीन. थोरली सुनंदा, मधला विजय आणि शेंडेफळ बेबी. आता पर्यावरण हा शब्द शाळेच्या पुस्तकांतून आला आहे, तेव्हा तो कुणाच्या तोंडी नव्हता. साडूंच्याही नव्हता. ते एवढंच म्हणत, "जे घेतलं ते जागच्या जागी परत गेलं पाहिजे की." हे वाक्य पुष्कळ लोक म्हणतात आणि जेवायला बसतात. साडू ते म्हणून उठत आणि कामाला लागत, आणि पाठोपाठ तिन्ही पोरं.

त्यांचं घर टेंबलाईच्या टेकडीच्या बाजूला, तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. मागं मोठं परडं, परड्यात एक म्हैस आणि चौदा झाडं. नळाला पाणी तासभर यायचं. साडूंनी न्हाणीघराचं पाणी परड्यात काढलं होतं आणि प्रत्येक झाडाला पाळी नेमून दिली होती. न्हाणीच्या दारावर पाटी टांगलेली असे आणि बेबी रोज सकाळी तिच्यावर खडूनं लिही : आज केळ, आज शेवगा, आज पपई. एका वर्षी शाकारणीसाठी आमच्या घराची कौलं उतरवली होती म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेलो. पहिल्याच सकाळी अंगाला साबण लावणार तेवढ्यात दाराबाहेरून साडूंचा आवाज आला. "दादा, साबण लावलासा काय?" मी म्हणालो, अजून नाही. "मग नका लावू. आज कढीपत्त्याची पाळी हाय, त्याला साबण चालत न्हाय." दाराच्या फटीतून एक वाटी आत आली. त्यात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ होतं. ते लावून मी कचेरीत गेलो. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं दुपारपर्यंत दोनदा विचारलं, आज कुणी भजी आणली आहेत का.

रविवारी सकाळी त्या घरात केर तोलला जाई. ओला केर खड्ड्यात जात असे, तो यात धरायचा नाही. फुटकी काच, जुनं ब्लेड, औषधाचं वेष्टण असा जो केर कशाच्याच पोटात जाणार नाही, तेवढाच विजय ताणकाट्याला लावी. आठवड्याला पाव किलोच्या आत असला तर संध्याकाळी रंकाळ्यावर जायचं, वर गेला तर घरी बसायचं. एकदा मी दिवाळीच्या आधल्या रविवारी मिठाईचा, आतून चंदेरी प्लॅस्टिक चिकटवलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन गेलो. विजयनं मिठाई ताटात काढून घेतली, खोका पुन्हा सुतळीनं बांधला आणि माझ्या हातात दिला. "काका, हा तेवढा परत न्या. आमचा या आठवड्याचा भरलाय." मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि रिकामा खोका बगलेत मारून घरी आलो. पुढं एकदा त्यांच्याबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला गेलो. आम्ही सहा जण होतो, म्हणजे कागद सहा. पोरांनी ते सहा तर घडी घालून पिशवीत टाकलेच, पण कट्ट्यावर बसलेल्या अनोळखी लोकांपुढेही जाऊन उभी राहिली. "झाली का खाऊन? द्या की कागद." एका गृहस्थानं मला विचारलं, तुमची पोरं रद्दीचा धंदा करतात काय? घरी आल्यावर मी कागद मोजले. त्रेचाळीस होते. धुऊन वाळवून ते चुलीला गेले.

पुढं चूलही गेली आणि गोबरगॅस आला. तेव्हा शेगडीच्या गॅसला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत आणि रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभे राहत. साडूंनी परड्यात विहिरीसारखा खड्डा खणला, आतून बांधून घेतला आणि वर उपड्या घंगाळासारखं लोखंडी झाकण बसवलं. खड्डा खणायला तिन्ही पोरं होती. शेण कालवायचं काम पोरांचं, शेजारच्या गवळ्याकडून दोन बादल्या शेण आणायचं काम पोरांचं. गॅस साठला की झाकण हळूहळू वर येई आणि बेबी तेवढ्या उंचीवर शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारी. खालचा गाळ परड्यातल्या वांग्यांना जाई. पहिल्या दिवशी निळी ज्योत पेटली तेव्हा साडू शेगडीपुढं हात बांधून उभे होते. मेहुणी म्हणाली, "देवाला हात जोडताना एवढं सरळ उभं राहत न्हायत."

मी तेव्हापासून दर रविवारी तिकडे जेवायला जाऊ लागलो. पण मला एक गोष्ट खटकत होती. सरकारी माहितीपत्रकात एका जनावराच्या शेणावर किती गॅस निघतो ते दिलेलं होतं. मी कागदावर मांडून बघितलं. म्हैस एक, वर दोन बादल्या शेण. एवढ्यात सकाळचा स्वयंपाक होऊन संध्याकाळी भाकरीच्या वेळी ज्योत बसायला हवी होती. ती बसत नव्हती. साडूंना कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "दादा, तुमचा हिशेब बरोबर हाय. तूट येते. ती भरून निघते." आणि मला वांगी बघायला घेऊन गेले. वांगी इतकी तुकतुकीत होती की मी पुढं विचारायचं विसरलो. मोजणाऱ्या माणसानं असं विसरू नये.

अशात सुनंदाचं लग्न काढलं. ती पदवीधर झाली होती, समजूतदार होती. पण या घराची कीर्ती गावात पसरलेली, त्यामुळे दोन स्थळं दारातूनच गेली होती. एकाला मेहुणीनं हात धुतलेलं पाणी अळवावर ओतायला सांगितलं होतं. मेहुणी रडकुंडीला आली, तेव्हा तिसरं स्थळ मी आणलं. कागलकडचे गुळाचे व्यापारी, मुलगा फाउंड्रीत सुपरवायझर. घर चांगलं होतं, आणि हे जमलं नाही तर चौथं स्थळ कुठून आणायचं हे माझ्यासह कुणालाच माहीत नव्हतं. मी साडूंना बसवून बजावलं. पाटी काढायची, ताणकाटा लपवायचा, पाहुण्यांनी पाणी कुठं ओतलं याकडे बघायचं नाही. त्यांनी तिन्ही गोष्टी कबूल केल्या. दुसरी कबूल करताना त्यांना फार त्रास झाला.

पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि मुलगा. शिरा झाला होता, भजी झाली होती. सुनंदानं चार प्रश्नांची चार सरळ उत्तरं दिली. मुलगा तिच्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे. वडिलांनी दुसऱ्यांदा शिरा घेतला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला काळजी वाटू लागली. मग मुलाची आई स्वयंपाकघरात डोकावली.

"शेगडी लई ब्येस हाय की. भांड्याला काजळी न्हाय, काय न्हाय. शेणाचाच गॅस न्हवं?"

"व्हय, शेणाचाच," मेहुणी म्हणाली.

"एका म्हशीवर एवढा निघतोय?"

पाणी द्यायला आलेली बेबी तिथंच उभी होती. तेव्हा ती नऊ वर्षांची. "एका म्हशीचा न्हाय वो, मावशी. आमचा पाच जणांचा पण असतोय की."

"तुमचा म्हंजे?"

"संडासाची पाइप तिथंच खाली जोडल्या." बेबीला कुणीतरी नीट प्रश्न विचारल्याचा आनंद झाला होता. "आणि काका राह्यला आले की त्यांचा पण. दिवाळीत चार दिवस होते, तवा झाकण एवढं वर आलंतं." तिनं हातानं वीतभर अंतर दाखवलं आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

मुलाच्या वडिलांनी तोंडातला शिरा गिळला नाही, थुंकलाही नाही. मी मात्र दुसरीच आकडेमोड करू लागलो होतो. दोन वर्षं चार महिने. रविवार एकशे एकवीस, त्यांतले पावसामुळे आणि आजारपणामुळे चुकलेले सतरा, राहिले एकशे चार. अधिक दोन दिवाळ्यांची चार-चार दिवसांची दोन वेळची जेवणं, सोळा. एकूण एकशेवीस. चहा यात धरलेला नाही. शिवाय मी आठवड्याला पिशवीभर वांगी घरी नेत होतो, आणि माझी बायको ती मोठ्या मनानं आळीत वाटत होती.

"येतो आम्ही, पावणं," मुलाचे वडील अखेर म्हणाले. "कळवतो." मुलगा जाता जाता परड्याकडे वळून बघत होता, आईनं त्याला कोपरानं पुढं ढकललं. चार दिवसांनी माझ्या नावानं कार्ड आलं : पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

मेहुणीनं नंतर सांगितलं, "विचारल्याबिगर सांगायचं न्हाय, एवढं मी पोरांना बजावलंतं. विचारलं तर खोटं बोलायचं न्हाय, हे त्यांनी शिकवलंतं." दोघांचीही शिकवण बेबीनं तंतोतंत पाळली होती.

मी अकरा दिवस तिकडे फिरकलो नाही. बायकोनं आमच्या घरातली वांगी चिमट्यानं उचलून बाहेर टाकली. बाराव्या दिवशी सकाळी विजय सायकल मारत आला. "काका, लवकर चला. आबा पाइप तोडाय लागल्यात."

गेलो तर साडू गुडघाभर खड्ड्यात उभे. संडासाच्या बाजूची माती उकरली होती, पाइप उघडी पडली होती. मी त्यांना नेहमी ताठ बघितलं होतं, त्या दिवशी ते एकदम वयस्क दिसले. मला म्हणाले, "दादा, पोरांना सगळं शिकवलं. लोकांत कसं राहायचं तेवढं शिकवायचं राहिलं. माझ्या हट्टापायी पोरगी घरात बसंल." बेबी म्हशीच्या गव्हाणीपाशी तोंड फिरवून उभी होती. आपल्यामुळं ताईचं लग्न मोडलं म्हणून ती नीट जेवत नव्हती, हे मेहुणीनं मला हळूच सांगितलं.

सुनंदा घरातून आली आणि खड्ड्याच्या काठावर थांबली. आवाज चढवला नाही. "आबा, पाइप तोडायची असंल तर तोडा. पण मग बेबीला बोलवून सांगा, की तू खरं बोललीस ते चुकलं. तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

साडूंनी पाइपकडे बघितलं. फावडं हातातच होतं.

"आणि जिथं हे लपवून राहावं लागंल त्या घरात मी काय करू? जन्मभर पदराखाली शेगडी झाकू?"

मग ती आत गेली आणि पाच मिनिटांनी कप घेऊन बाहेर आली. वाफ येत होती. कप तिनं माझ्यापुढं धरला. "काका, तुम्ही घेणार न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. साडू खड्ड्यातून, मेहुणी दारातून, विजय सायकल धरून. बेबीनंसुद्धा मान वळवली. मी स्वच्छतेच्या बाबतीत कडक माणूस आहे, रुमाल रोज बदलतो. घरून निघताना बायकोला शब्द दिला होता, की पाणीसुद्धा पिणार नाही. पण त्या क्षणी मला दिसलं, की ती पाइप फावड्यानं तुटणार नव्हती. मी 'नको' म्हणालो असतो तर तुटली असती. मी कप घेतला. चहा पूर्वीसारखाच होता, साखर नेहमीप्रमाणे थोडी जास्त. चहा मी कधी मोजत नाही, हा एक मोजला.

साडूंनी माती परत लोटली. बेबीनं माझ्या हातातून कप घेतला आणि तळाशी उरलेला घोट न सांगता अळवावर ओतला.

पुढच्या वर्षी शाहूवाडीकडच्या एका भातशेतीवाल्या घरातून चौथं स्थळ आलं. मुलगा शेतकी शाळेत शिकवत होता. या वेळी कुणी काही विचारायच्या आतच सुनंदानं शेगडीची सगळी हकीकत स्वतः सांगून टाकली. मुलाच्या आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाताला गाळ किती मिळंल?" लग्न ठरलं. आज तिच्या सासरी चार म्हशी आहेत आणि हिशेबात तूट येत नाही.

आता विजय नोकरीला परगावी आहे, बेबी शिकायला वसतिगृहात. साडू निवृत्त झाले. घरी सिलिंडर आला, तो मेहुणीच्या गुडघ्यांसाठी. म्हैस अजून आहे, पण तीही म्हातारी. ताणकाट्यावर दोघांचाच केर असतो, तरी हल्ली तो पाव किलोच्या वर जातो, कारण दूध सोडून सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागलं आहे. पाटीवर झाडाचं नाव साडू स्वतः लिहितात. अक्षर मात्र बेबीसारखं काढतात.

गेल्या महिन्यात गेलो तर ते परड्यात झाकणापाशी बसले होते. झाकण गंजलं होतं आणि पार खाली टेकलं होतं. बेबीनं मारलेल्या जुन्या पुसट रेघा भिंतीवर खूप वर राहिल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनी गंजाचा एक पापुद्रा नखानं काढला.

मग म्हणाले, "दादा, चार दिवस राह्यला या की. ज्योत जरा वर येईल."

मी राहिलो. पहिल्या सकाळी पाटीवर कढीपत्ता होता, साबण लावला नाही. चौथ्या दिवशी परड्यात जाऊन झाकणाच्या उंचीवर भिंतीला खडूनं रेघ मारली आणि पहिल्या दिवशीच्या रेघेपासून पट्टी लावून बघितलं. एक बोट वर आलं होतं.