हैदरभाईंना परवडेल असं मशीन

हैदरभाईंच्या दुकानात राधाकृष्णशेठना आलेला फॅक्स मी शाळेच्या मशीनवर लॅमिनेट केला. हेतू चांगला होता. फॅक्सच्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं चार महिन्यांत उडतात. शेठची कांद्याची ऑर्डर कायमची टिकावी, एवढंच मनात. पण त्या कागदाला उष्णता सोसत नाही, हे मला कोण सांगणार? गरम रुळांतून ऑर्डर बाहेर आली ती तव्याच्या बुडासारखी काळी.

शेठ चिडले ते हैदरभाईंवर. "साध्या कागदावर फॅक्स येनारं मशीन आन. न्हाईतर आमी समोरच्या बूथवर जातो." आणि शेठ गेले की शेवगावचे सगळे व्यापारी त्यांच्या मागनं जाणार.

बाजार समितीसमोर हैदरभाईंचं एसटीडी-फॅक्सचं दुकान. परगावचे भाव त्यांच्याच हातातून यायचे, पण एकाचा भाव दुसऱ्याला कधी कळला नाही. फॅक्स येऊ लागला की हा माणूस आधी चष्मा काढून खिशात ठेवायचा.

मशीन निवडायला मीही नगरला गेलो. घोळ माझाच होता ना.

दुकानदार वैजनाथनं तीन मशीनं दाखवली. लेसरची किंमत ऐकून हैदरभाई स्टुलावर बसले. शाईचं जरा स्वस्त, पण काम नसलं की शाई वाळते. तिसरं फिल्मवालं, काळ्या फिल्मवरची शाई साध्या कागदावर उठवणारं. ते परवडत होतं. हैदरभाई उठून उभे राहिले.

फिल्म कशी असते ते दाखवायला वैजनाथनं दुरुस्तीला आलेल्या मशीनमधली वापरलेली गुंडाळी काढली. मी ती उजेडात धरली. जिथली शाई कागदावर गेली, तिथं काळ्या पट्टीवर अक्षरं कोरी, स्वच्छ.

"हैदरभाई, ऐका. केडगावच्या कुणा वकिलाचं दिसतंय. बायको म्हणते, सासूनं कपाटाला कुलूप…" पुढचं सापडेना म्हणून मी आणखी दोन हात फिल्म ओढली.

"म्हंजे आलेला हरेक कागद हितं ऱ्हातो?" हैदरभाईंनी विचारलं.

"राहतो," वैजनाथ म्हणाला. "संपली की जाळून टाकायची."

"आन संपूस्तवर?"

वैजनाथ काउंटर पुसू लागला. हैदरभाईंनी लेसरकडे पाहिलं, फिल्मवाल्याकडे पाहिलं, पुन्हा लेसरकडे पाहिलं, आणि परत स्टुलावर बसले. शेवगावची शेवटची गाडी चुकेल असं वाटायला लागलं.

"घेऊन टाका हो," मी फिल्म गुंडाळत म्हणालो. "दुसऱ्याचं कोण वाचत बसतंय?"

"तुमी बसला की, गुरुजी."