वाकड्या चोचीचा फोटो

भाऊजी गेल्याचा निरोप लोणारजवळच्या बीबी गावी आला, तेव्हा मी तिथल्या शाळेत पेपर तपासत होते. तशीच उठले आणि शेगावची एस.टी. धरली. वाटभर डोळे गळत होते, आणि मधेच हसूही येत होतं... या माणसाची आठवण नुसती रडून काढताच येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, शेगावातला फोटोवाला. दर्शनाला आलेली कुटुंबं रंगवलेल्या पडद्यापुढे उभी राहत आणि भाऊजी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत, "मान वर! हलू नका!" माणूस मायेचा, पण कोणी खोटं पाडलं की त्यांना अन्न गोड लागत नसे.

महाराष्ट्र नवानवाच झाला होता. माझ्याकडे आले असताना भाऊजींनी लोणारच्या सरोवरावर गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिले आणि शेगावभर सांगत सुटले. जंगल खात्यातले एक निवृत्त साहेब स्टुडिओत आले होते. ते म्हणाले, बगळे असतील, रोहित इकडे कुठले? फोटो आणून दाखवतो, असं भाऊजी म्हणाले, तर साहेब हसले. काळ्यापांढऱ्या फोटोत गुलाबी रंग कसा दिसणार? वाकडी चोच दाखवा, मग मानू. तेव्हापासून चहाच्या हॉटेलात लोक भाऊजींना लाल बगळ्यांची खुशाली विचारू लागले. भाऊजी हसण्यावारी नेत, पण ताई सांगायची की घरी आल्यावर ते गप्प गप्प असतात.

हिवाळ्यातल्या एका रविवारी भाऊजी, ताई आणि मी असे आम्ही तिघं झाडीतून सरोवराकाठी उतरलो. खाऱ्या चिखलाचा वास नाकात बसला होता. रोहित होते, पण सगळ्यांच्या चोची पाण्यात. हा पक्षी डोकं उलटं करूनच खातो. हालचाल न करता बसलं, की चरत चरत जवळ येई. आला, की भाऊजी कॅमेऱ्यामागे उभे राहत आणि इतक्या वर्षांच्या सवयीने गरजत, "मान वर! हलू नका!" माना वर होत खऱ्या, पण पाठोपाठ पंखही उघडत. भाऊजी कान धरत, शपथ घेत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बारा फोटोंच्या रोलातले अकरा असे उडून गेले.

"आता एकच राह्यला," ते म्हणाले. "हाबी गेला, त मी खोटाच."

उन्हं कलली होती, सूर्य आमच्या पाठीशी होता. थवा पुन्हा जवळ आला. भाऊजी उभे राहिले, छाती फुगली, आणि ताईने मागून जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. एका रोहिताने आपल्या मर्जीने मान वर केली... आणि बटण दाबलं गेलं.

साहेब पुन्हा स्टुडिओत आले, तेव्हा त्यांनी भिंग लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. मग भरल्या दुकानात म्हणाले, "रोहितच आहे. मी चुकलो." त्या दिवशी भाऊजींनी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनाही पेढे वाटले. फोटोत खाली चिखलावर सावली पडली होती, तेवढी कापून टाका, असं साहेबांनी सुचवलं. भाऊजींनी ऐकलं नाही. तो फोटो त्यांनी होता तसाच मढवून दर्शनी भागात लावला. गिऱ्हाईक पैसे द्यायला वळलं, की आधी त्याला चोच दाखवायचे.

मी शेगावला पोचले तेव्हा घरात हार घालायला फोटो शोधत होते. साऱ्या मुलखाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही नव्हता. ताई उठली, दुकानातून रोहिताचा फोटो घेऊन आली आणि पाटावर मांडला. कोणीतरी म्हणालं, अहो, हा तर पक्ष्याचा आहे. ताईने मला जवळ बोलावलं आणि खालच्या सावलीवर बोट ठेवलं.

"हे पाह्य, हे थे," ती म्हणाली. "अन् त्यायच्या तोंडावर हा माहा हात."