साडेसत्तावन्न ओहम

यंदा, १९९८ साली, मला सदुसष्टावं लागलेलं असताना, जवळच्या दांडी गावची मासेवाली दारात पाटी उतरवून म्हणाली, "दादा, तुमचा पांडू गेला. काल सांजच्याला." मी म्हणालो, "माझा कसला? एका कंपनीत होतो, एवढंच." ती बोंबलांवर पाणी शिंपडू लागली. अंत्ययात्रेला मी गेलो नाही. पाय दुखतात म्हणून सुनेला सांगितलं. पाय दुखत नव्हते. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, लेखबिख लिहिणारा नव्हे. पण हे दुसऱ्या कोणाला सांगून लिहवून घ्यायचं नाही असं ठरवलंय.

बोईसरला कपडा रंगवायच्या एका कंपनीत मी वायरमन होतो. हाताला जे कळतं ते मीटरला कळत नाही, अशी माझी घमेंड. तार किती तापली ते मी बोटाच्या पाठीनं सांगायचो आणि ते खरं निघायचं. पांडू शहात्तर साली आला. कोळ्याचा पोर, होडीवर जायचं सोडून ह्या धंद्यात शिरलेला. त्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा. व्होल्टला अँपियरनं भागलं की ओहम, म्हणजे तारेची अडवणूक. व्होल्ट आणि अँपियर गुणले की वॉट, म्हणजे जेवढी वीज खाल्ली ती. दिसेल त्या लोखंडावर तो हे लिहायचा. मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "मास्तर, फळा घरून आणा." तो हसायचा. "दादा, तुमच्या बोटाला आमी नाय म्हणत नाय. पण बोट आज हाय, उद्या भाजलं तर?"

एकोणऐंशी साली कपडा सुकवायच्या भट्टीची कॉइल तुटली. नवी यायला आठ दिवस लागणार होते, आणि सुपरवायझर डोक्यावर उभा, "चाचा, कुछ भी करो, भट्टी चालू करो." मी जळका तुकडा कापून टाकला, उरलेली तार ताणून टोकं पिळून जोडली. घरोघरच्या विजेच्या शेगड्यांना आपण हेच करतो. भट्टी पेटली ती आधीपेक्षा लालभडक. मी छाती काढून म्हणालो, "बघ, तार कमी आणि ताप जास्त! ह्याला म्हणतात हात." पांडूनं मीटर लावला आणि पॅनेलच्या दारावर खडूनं मांडलं. आधी दोनशे तीस व्होल्टला दहा अँपियर, म्हणजे तेवीस ओहम, तेवीसशे वॉट. आता बारा अँपियर. ओहम एकोणीसवर उतरले, वॉट दोन हजार सातशे साठ. "तार आखूड झाली, अडवणूक घटली, म्हणून जास्त करंट ओढते, दादा. भट्टीला वीज आणणारी मागची वायर जुनी हाय, तिला झेपायचं नाय." मी फडक्यानं ते पुसून टाकलं. दुपारी फ्यूज उडाला. पुन्हा उडाला. "उडू दे, तो खरं सांगतोय," पांडू म्हणाला. तो उडूच नये म्हणून मी फ्यूजला तार दुहेरी घातली आणि जेवायला गेलो. माझ्या पाठीमागे त्यानं ते गणित परत लिहून ठेवलं, सुपरवायझरला दाखवायला.

मी डबा सोडतो न सोडतो तोच मागची वायर पेटली. भट्टीतला सगळा कपडा गेला. मेन स्विच ओढायला पांडू धावला, त्याची उजव्या हाताची दोन बोटं भाजली.

चौकशीला साहेबांनी पॅनेलचं दार दाखवलं. अक्षर कोणाचं? पांडूचं. म्हणजे धोका माहीत असून ह्यानंच कॉइल कापली, असं धरलं. सुपरवायझरनं आपल्याला काही माहीत नाही म्हणून हात झटकले. पांडू एवढंच म्हणाला, "दादांना इचारा. ते सांगतील." साहेब माझ्याकडे वळले... आणि मी, ज्यानं जन्मभर त्या आकड्यांची टिंगल केली, मी म्हणालो, "साहेब, मी चौथी शिकलेला. मला हे गणित कुठलं येतंय?" ह्यात एक शब्द खोटा नव्हता. पांडूला काढून टाकलं. पुढे त्यानं दांडीच्या नाक्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकोणीस वर्षांत मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. घरी मात्र सांगत होतो, आपल्या शेगडीची कॉइल मी जोडलीय, बघा कशी वर्षानुवर्षं चालते.

पांडूच्या दहाव्याला मात्र गेलो. घरापुढेच दुकान; शटर अर्धं उघडं, आतल्या भिंतीवर खडूचे आकडे अजून तसेच. त्याची बायको सुमन पाणी घेऊन आली. म्हणाली, "शेगडी चालते ना दादा? तुमची सून इकडं दुकानात आणायची. दोनदा ह्यांनी नवी कॉइल टाकली. दादांना सांगू नको म्हनालेले, त्यांचा हात दुखावेल."

मी भांडं खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "दादा, लोक म्हन्तात ह्यांच्या चुकीनं भट्टी जळाली. मी इचारलं की हे गप बसायचे. तुमी होतात तिथं. खरं काय ते?"

आणि मी म्हणालो, "आता कशाला ते..." दुसऱ्यांदा मी अंग काढून घेतलं. तिनं मान खाली घालून भांडं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी शेगडी उपडी केली. बुडाला ऑइलपेंटनं लिहिलेले त्याचे आकडे होते: २३०, ४, ५७.५, ९२०. खडू घेतला आणि फरशीवर दोनशे तिसाला चारानं भागायला बसलो. तीनदा चुकलो. सून दारात उभी होती. तिला हात लावू दिला नाही. चौथ्यांदा साडेसत्तावन्न आले. मग सदरा चढवला, शेगडी पिशवीत घातली, आणि सुमनला उत्तर द्यायला दांडीची एसटी धरली.